स्क्रू आवळून बूस्ट वाढत नाही

भाच्यानं आधी विचारलं असतं, तर दोन मिनिटांत समजावलं असतं. पण त्यानं आधी टर्बोच्या ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचा, म्हणजे कोंडलेली हवा सोडून देणाऱ्या झडपेचा, स्प्रिंगवरचा स्क्रू आवळला, आठवडाभर गाडी तशीच पळवली आणि मग मला आवाज ऐकवायला आला. "मामा, ऐक हां." ॲक्सिलरेटर दाबला, पाय उचलला आणि बॉनेटखालून स्टु-टु-टु-टु. त्याचा चेहरा फुललेला, आणि माझ्या पोटात गोळा.

हे त्याच्या डोक्यात घातलं ते सगळीकडे फिरणाऱ्या एका मेसेजनं. त्यातले दावे असे: ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचा स्क्रू शेवटपर्यंत आवळा, बूस्ट (टर्बोनं हवेवर आणलेला जादा दाब) वाढतो. स्टु-टु-टु आवाज म्हणजे टर्बो दमात असल्याची खूण. हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह बसवला की पॉवर वाढते, बाकीचं ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) शिकून घेतो. व्हॅक्यूमची नळी जवळ मिळेल तिथून घ्या. डिझेललाही हाच उपाय.

सगळ्यात घातक दावा आवाजाचा आहे, म्हणून तो आधी घेतो.

हा आवाज दमाचा नाही, कोंडलेल्या हवेचा आहे. तुम्ही पाय उचलता, थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारं दार, बंद होतो, पण टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्या वेगानं फिरतच असतो आणि हवा ढकलत राहतो. पुढं दार बंद, व्हॉल्व्ह उघडत नाही, मग ती हवा कॉम्प्रेसरच्या पात्यांवरून उलटी येते. पाती तिला पुन्हा पुढं रेटतात, ती पुन्हा उलटते. एका सेकंदात हे कितीतरी वेळा घडतं, त्याचाच तो फडफडाट. याला सर्ज म्हणतात. टर्बो बनवणाऱ्या गॅरेट कंपनीच्या तांत्रिक माहितीत हे स्वच्छ लिहिलं आहे: थ्रॉटल एकदम बंद झाला की कॉम्प्रेसर त्याच्या कामाच्या आलेखाच्या (कॉम्प्रेसर मॅपच्या) डाव्या कडेला, थेट सर्जमध्ये जातो, आणि तिथं चालत राहिला तर थ्रस्टचा, म्हणजे शाफ्टला आत-बाहेर रेटणारा, भार वाढून टर्बो वेळेआधी निकामी होऊ शकतो. ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह असतो तो हे टाळायला. तो आवळून बंद करायचा आणि वर आवाजाचं कौतुक करायचं, हे मला सहनच होत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. त्याच माहितीत असंही आहे की सर्वात जास्त नुकसान करणारा सर्ज हा पाय दाबलेला असताना, लोडखाली होणारा. पाय उचलल्यावरचा त्या मानानं सौम्य. छोटा टर्बो, कमी बूस्ट असेल तर तो एका दिवसात मरत नाही, आणि जुन्या काही टर्बो गाड्यांना असा व्हॉल्व्ह नव्हताही. पण 'लगेच मरत नाही' आणि 'चांगलं आहे' यांत फरक आहे.

आता बूस्टचा दावा. बूस्ट किती, हे वेस्टगेट ठरवतो, म्हणजे एक्झॉस्टचा काही वायू टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप. तो एक्झॉस्टच्या बाजूला असतो. ब्लो-ऑफ व्हॉल्व्हची स्प्रिंग बूस्ट अडवून धरत नाही, कारण तिला तो अडवावाच लागत नाही. हिशेब करून बघा. व्हॉल्व्हच्या आतल्या पिस्टनचा व्यास ३० मिलिमीटर धरला तर क्षेत्रफळ साधारण ७ चौरस सेंटिमीटर. १ बार बूस्टला खालून सुमारे ७ किलोचा रेटा. पण वरच्या बाजूला मॅनिफोल्डची (थ्रॉटलनंतर सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागाची) नळी जोडलेली असते, तिथूनही तोच १ बार, म्हणजे वरूनही ७ किलो. दोन्ही कटले. स्प्रिंगला काम उरतं ते आयडलला. तेव्हा मॅनिफोल्डमध्ये २० इंच पाऱ्याइतका व्हॅक्यूम असेल, तर पिस्टन ५ किलोच्या आसपास ताकदीनं वर ओढला जातो. आणि बूस्टमधून एकदम पाय उचलला की खालून ७ चा रेटा, वरून ५ ची ओढ, मिळून १२. म्हणजे या उदाहरणात स्प्रिंग ५ च्या थोडी वर हवी आणि १२ च्या बरीच खाली. स्क्रू फिरवून एवढंच जमवायचं असतं. शेवटपर्यंत आवळलात तर बूस्ट तिळभर वाढत नाही, फक्त व्हॉल्व्ह उघडायचा राहतो.

मग काहींना आवळल्यावर फरक का जाणवतो? व्हॉल्व्ह गळका असेल, आतला रबरी पडदा (डायफ्राम) फाटला असेल किंवा स्प्रिंग थकली असेल, तर बूस्ट खरंच निसटतो आणि आवळल्यावर थोडा परत येतो. पण ती बिघाडाची खूण आहे. तिथं व्हॉल्व्ह दुरुस्त करायचा किंवा बदलायचा.

हवा बाहेर सोडण्याबद्दल: पाय दाबलेला असताना व्हॉल्व्ह बंदच असतो, मग पॉवर येणार कुठून? ज्या गाडीत हवा मोजणारा मॅफ सेन्सर टर्बोच्या आधी आहे, तिथं मोजून आत घेतलेली हवा तुम्ही बाहेर फेकता. ईसीयू तिच्या हिशेबानं पेट्रोल सोडतो. गाडी गचका देते, काळा धूर टाकते, कधी सिग्नलला बंद पडते. प्लगवर काजळी आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर अत्याचार. ईसीयू हळूहळू सरासरी शिकतो, दर गिअर बदलताना क्षणभर होणारी ही चूक तो शिकत नाही. मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरवर चालणाऱ्या गाडीत हा त्रास होत नाही, एवढं खरं. भाच्याची गाडी नेमकी तशी, म्हणून या बाबतीत तो वाचला.

डिझेलबद्दल फार लिहीत नाही. तिथं वेग पेट्रोलसारखा थ्रॉटल मिटून कमी होत नाही, डिझेल कमी करून होतो. त्यामुळे पाय उचलल्यावर हवा कोंडणारं दार सहसा मिटत नाही.

नळी मात्र नीट बघा. ती थ्रॉटलच्या पुढून, मॅनिफोल्डवरूनच घ्यायची, आखूड, आणि दुसऱ्या कशाशी न वाटता. थ्रॉटलच्या अलीकडून घेतली तर तिला व्हॅक्यूम कधी मिळतच नाही, आणि व्हॉल्व्ह कितीही सैल केला तरी उघडत नाही.

त्या संध्याकाळी आम्ही गाडी थंड होऊ दिली, इनटेकचा पाइप काढला आणि कॉम्प्रेसरच्या नटाला दोन बोटांनी धरून आत-बाहेर ओढून पाहिलं. हाताला ढिलाई लागली नाही. पाइप परत बसवला, इंजिन गरम केलं, लॉकनट सोडला आणि स्क्रू पूर्ण सैल केला. आयडलला व्हॉल्व्हच्या तोंडाशी पातळ कागदाची पट्टी धरली, ती आत ओढली गेली. म्हणजे व्हॉल्व्ह उघडा, आणि फिल्टर न झालेली धूळ आत. मग अर्धा-अर्धा फेरा आवळत गेलो, पट्टी सरळ लोंबेपर्यंत. रस्त्यावर नेऊन पाय उचलला तर एकच लांब फुस्स. परत येऊन लॉकनट आवळला आणि स्क्रूवर पांढऱ्या रंगाची रेघ मारली, पुन्हा कुणी फिरवला तर कळावं म्हणून.