जिन्याचं दार आणि माझ्या घरातलं म्हातारं माणूस: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘जिन्याचं फायर डोअर बंद ठेवा’ या माझ्या मागच्या लेखावर एका वाचकांनी लांबलचक प्रतिक्रिया दिली आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आग आणि धूर अडवणारी ही दारं इतकी जड असतात की सत्तरीच्या माणसाला ढकलत नाहीत. बंद ठेवली तर लॉबीत हवा खेळत नाही, आणि रात्री दार आपटलं की झोपमोड होते. वर्षातून दोनदा मिळणारं तपासणीचं प्रमाणपत्र कित्येक ठिकाणी दार न बघताच दिलं जातं, तेव्हा आधी ते सुधारा, रहिवाशांना दम देऊ नका. आणि या सगळ्याच्या मध्ये हे वाक्य: ‘तुमच्या घरात म्हातारं माणूस नसावं, म्हणून असले उपदेश सुचतात. दाराला झाडाची एक कुंडी लावली म्हणून काही इमारत जळत नाही.’

दम मी कुणालाही दिलेला नाही. लेख पुन्हा वाचला, त्यात विनंती आहे आणि कारणं आहेत. तुम्ही मात्र स्वतःचं नावही न लिहिता माझ्या घरात कोण आहे आणि कोण नाही, याचा निकाल देऊन मोकळे झालात. मतभेद असावेत, जरूर असावेत. पण ज्या माणसाला आपण ओळखत नाही, त्याच्या घरच्या वडीलधाऱ्यांवर घसरायची ही कुठली रीत?

आता विषय काढलाच आहे तर ऐका. माझी आई माझ्याजवळ असते. तिला दमा आहे, गुडघे गेलेले आहेत, आधाराशिवाय ती एक मजलासुद्धा उतरू शकत नाही. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात, भर रात्री, आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर मीटर रूम पेटली. लिफ्ट बंद, दिवे गेलेले, आणि जळक्या वायरींचा तो काळा, घशाला चरचरणारा धूर जिन्यातून वर चढत होता. आमच्या मजल्यावरचं जिन्याचं दार बंद होतं. ते बंद राहावं म्हणून मी शेजाऱ्यांशी वाद घातले होते आणि त्यांचे टोमणेही ऐकले होते. त्या रात्री आमच्या लॉबीत वास आला, धूर जवळजवळ आला नाही. अग्निशमन दलाचे जवान वर येईपर्यंत आई स्वतःच्या पलंगावर बसून होती.

आमच्या खालच्या मजल्यावर त्याच दाराला चपलांचा स्टँड अडकवलेला होता. तिथली लॉबी धुराने भरली. लोक घराच्या दारांखाली ओले टॉवेल कोंबून बसले, आणि तिथल्या एका आजींना ऑक्सिजन लावून खाली न्यावं लागलं. त्याही कुणाच्या तरी आईच होत्या. तेव्हा म्हाताऱ्या माणसांची काळजी तुम्हाला आहे आणि मला नाही, असं कृपा करून लिहू नका. धडधाकट माणूस पंधरा मजले धावत उतरून जाईल. ज्याला उतरताच येत नाही, त्याच्यासाठी ते बंद दार आहे.

आता कुंडी. इमारत जळत नाही हे तुमचं वाक्य अक्षरशः खरं आहे, आणि म्हणूनच ते फसवं आहे. न्यूयॉर्कमध्ये ब्राँक्स भागात ट्विन पार्क्स नॉर्थ वेस्ट नावाची १९ मजली इमारत आहे. ९ जानेवारी २०२२ रोजी तिथे खालच्या एका घरात इलेक्ट्रिक हीटरमुळे आग लागली. ती आग ते घर आणि त्याच्या बाहेरचा पॅसेज यापलीकडे गेली नाही. इमारत आजही उभी आहे. तरीही १७ माणसं मेली, त्यात ८ मुलं होती, आणि सगळी धुराने गेली. घरातली माणसं पळाली तेव्हा मागे त्या घराचं दार उघडंच राहिलं. कायद्याप्रमाणे ते आपोआप लागायला हवं होतं, ते लागलं नाही. वर पंधराव्या मजल्यावर जिन्याचं दारही उघडं होतं. गरम धूर वर जातो, आणि उंच जिना त्याला चुलीवरच्या धुराड्यासारखा ओढून घेतो. खाली एक दार उघडं, वर एक दार उघडं, एवढ्याने धुराला सलग वाट मिळाली. दोन दारं! तुमच्या कुंडीपेक्षा मोठं काही तिथेही लागलं नव्हतं.

‘तुम्ही फायर इंजिनिअर आहात का?’ असंही विचारलंत. नाही. माझे वडील सुतार होते आणि मी उमेदीची वर्षं ठाणे-मुंबईच्या साइटवर हीच दारं बसवण्यात घालवली. १२० मिनिटं आग थोपवणारं दार म्हणजे जाड फळी नव्हे. पल्ला, चौकट, बिजागऱ्या, कुलूप, दार आपोआप लावणारा क्लोजर आणि उष्णता लागली की फुगून फट बुजवणारी पट्टी, हे सगळं मिळून भट्टीत तपासलेलं असतं. यातलं एक बदललं तर ते प्रमाणपत्र कागदापुरतं उरतं. चौकटीभोवतीची फट तीन-चार मिलीमीटरच्या आत ठेवायला आम्ही तासन्तास पल्ला वरखाली करायचो. नंतर कुणीतरी केबल टाकायला त्याच चौकटीशेजारी भिंतीत भोक पाडायचं आणि ते तसंच सोडून जायचं. क्लोजर काढून ठेवलेली दारं मी पाहिली आहेत. चोर येतात म्हणून बाहेरून कडी-कुलूप घातलेलीही पाहिली आहेत. राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ स्पष्ट सांगते की बाहेर पडण्याचं दार आतल्या माणसाला किल्लीशिवाय उघडता आलं पाहिजे. हे मी पुस्तकात वाचून उपदेश करत नाही, हाताने केलेलं काम आहे.

एक मुद्दा मान्य करतो. दार आपटतं, त्याचा त्रास होतो, पहाटे दूधवाला आला की जास्तच होतो. त्यावर उपाय आहे. क्लोजरवर वेग कमी-जास्त करायचे स्क्रू असतात, जाणकार मिस्त्री थोड्या वेळात ते जमवून देतो. दार जड लागत असेल तर बहुधा बिजागरी उतरलेली असते, नाहीतर पल्ला फरशीला घासत असतो. तेही दुरुस्त होतं. हवा हवी असेल तर खिडकी उघडा. ज्यांना दार दिवसभर उघडंच हवं, त्यांच्यासाठी अलार्म वाजताच दार सोडून देणारे चुंबकीय होल्डर मिळतात. कुंडीला अलार्म ऐकू येत नाही.

राहिला तपासणीचा भाग. प्रमाणपत्रं न बघता दिली जातात, यंत्रणा झोपलेली आहे वगैरे. त्यावर लिहायचं तेव्हा लिहीन, आज तो विषय नाही. एवढंच सांगतो की महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याने ही जबाबदारी मालक आणि भोगवटादार यांच्यावर टाकली आहे. दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून नमुना ‘ब’ हा तपासणीचा दाखला घेऊन सादर करायचा असतो. तो खोटा असेल तर सोसायटीच्या सभेत उभे राहा, विचारा, लेखी मागा. इंग्लंडमध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या उंच निवासी इमारतीच्या आगीत ७२ माणसं गेल्यावर नियम झाला आणि जानेवारी २०२३ पासून ११ मीटरपेक्षा उंच निवासी इमारतींतल्या सामायिक जागेतली फायर डोअर्स दर तीन महिन्यांनी तपासावी लागतात. तिथेही रहिवाशांना हेच सांगणं बंधनकारक आहे की दार बंद ठेवा आणि क्लोजरला हात लावू नका. म्हणजे तपासणी कडक झाली तरी रहिवाशाचं काम रहिवाशालाच करावं लागतं. तपासणारा सहा महिन्यांनी येणार, कुंडी तुम्ही आज ठेवली आहे.

तुमच्या प्रतिक्रियेतलं माझ्या आईबद्दलचं वाक्य मी काढलेलं नाही, जसंच्या तसं ठेवलं आहे. पुढच्या वेळी दाराबद्दल काही विचारायचं असेल तर जरूर विचारा, माहीत असेल ते सगळं सांगेन. माझ्या घरच्यांबद्दल पुन्हा लिहिलंत तर मात्र ती प्रतिक्रिया इथे छापली जाणार नाही.