‘वायर पिळा, टेप मारा’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

पावसाळा लागला की उंदीर बॉनेटखाली आसरा घेतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एक सल्ला फिरू लागतो: ‘उंदराने वायर कुरतडली? वायर पिळून टेप मारा. तुकडा कमी पडला तर घरातली वायर चालते. फ्यूज उडत राहिला तर एक नंबर मोठा टाका. कायमचं काम हवं तर सोल्डर करा, नाहीतर अख्खं वायरिंग किट बदलावं लागेल.’ जुनी मारुती ८००, झेन किंवा सँट्रो वापरणाऱ्याला यात पैसे वाचताना दिसतात.

‘एक नंबर मोठा फ्यूज टाका.’ सगळ्यात घातक सल्ला हाच. फ्यूज असतो तो वायर वाचवायला. लाल १० अँपिअरच्या जागी पिवळा २० चा टाकला, तर वायरीतून दुप्पट करंट वाहिला तरी फ्यूज गप्प बसतो आणि वायर चौपट तापते. तिचं आवरण वितळलं की हार्नेसमधल्या, म्हणजे वायरींच्या जुडग्यातल्या, शेजारच्या वायरीही जातात. फ्यूजला चांदीचा कागद गुंडाळणं हा त्याहून वरचा पराक्रम.

फ्यूज उडत राहतो तो बहुधा शॉर्टमुळे, म्हणजे सोललेली वायर पत्र्याला टेकल्यामुळे. तो शोधायला इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब पुरतो. फ्यूज काढून त्याच्या दोन खाचांमध्ये हा बल्ब जोडा आणि त्या लाइनवरच्या उपकरणांचे कपलर (वायरी जोडणारे प्लग) सोडवा. तरीही बल्ब लख्ख पेटला तर शॉर्ट वायरीतच आहे. हार्नेस वीतभर अंतराने हलवत जा. जिथे हात लावल्यावर बल्ब विझतो किंवा लुकलुकतो, तिथेच जखम. बल्ब दोन अँपिअरच्या आतच ओढतो, त्यामुळे शोधताना वायर जळत नाही.

‘पिळून टेप मारा.’ रस्त्यात अडकलात तर घरी पोहोचण्यापुरतं ठीक. पण पिळलेल्या तारांमध्ये ओल शिरते, तांबं काळं-हिरवं पडतं, जोड तापू लागतो. इंजिनच्या उष्णतेने टेपचा गोंद पाघळतो आणि टेप उलगडते.

पक्का जोड असा करा. आधी बॅटरीची निगेटिव्ह सोडवा. बहुतेक गाड्यांना १० चा पाना लागतो. चकचकीत तांबं दिसेपर्यंत वायर कापत जा. आतून गोंद असलेली हीट श्रिंक ट्यूब (तापवली की आवळणारी नळी) आताच ओवून ठेवा. विसरलात तर झालेला जोड पुन्हा तोडावा लागतो. दोन्ही टोकं ८ मिमी सोला, तांब्याच्या स्लीव्हमध्ये (छोट्या नळीत) घाला आणि ती आवळायच्या खास क्रिंपिंग प्लायरनेच दाबा. साध्या पकडीने स्लीव्ह नुसती चपटी होते, तारा आवळल्या जात नाहीत. जोराने ओढून बघा, मग ट्यूब तापवा. दोन्ही तोंडांतून गोंदाची बारीक कड बाहेर आली की पाण्याची वाट बंद. चार-पाच वायरी तुटल्या असतील तर जोड ३-४ सेंमी मागेपुढे ठेवा. एकाच जागी आले तर जाड गाठ होते आणि घासून पुन्हा शॉर्ट होतो.

‘घरातली वायर चालते.’ जाडी तेवढीच असेल तर करंट नेईल, हे खरं. पण घरगुती पीव्हीसीची मर्यादा साधारण ७० अंश. गाडीसाठी १०५ अंशांची वायर मिळते. एक्झॉस्टजवळ हा फरक वर्षभरात दिसतो. दोन मीटर ऑटो वायरला फार पैसे पडत नाहीत. रंगही मूळचाच घ्या, पुढचा इलेक्ट्रिशियन शिव्या देणार नाही.

‘कायमचं काम म्हणजे सोल्डर.’ अर्धं खरं. डॅशबोर्डमागे, जिथे वायर हलत नाही, तिथे चांगलं सोल्डर टिकतं. इंजिनवर मात्र कथील तारांमध्ये शिरून वायर काडीसारखी ताठ होते आणि थरथरीने नेमकी त्या ताठ भागाच्या कडेला तुटते. ऑक्सिजन सेन्सरच्या वायरींना तर सोल्डर नकोच. बरेच सेन्सर वायरीच्या आतूनच बाहेरची हवा घेतात, ती वाट कथिलाने बंद होते.

‘नाहीतर अख्खं किट.’ पाच-सात वायरींसाठी मुळीच नाही. आग लागून हार्नेस जळला असेल तर गोष्ट वेगळी. एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना मात्र घरी हात लावू नका.

मेसेजमध्ये अर्थिंगचा, म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह इंजिनला आणि पत्र्याला जोडणाऱ्या पट्टीचा, उल्लेखच नाही, आणि जुन्या गाडीत मंद हेडलाइटचं मूळ बऱ्याचदा तिथेच असतं. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावा आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आसपास ठीक. ०.५ च्या वर गेलं तर अर्थिंगची पट्टी सोडवा, दोन्ही टोकं आणि खालचा पत्रा पॉलिश पेपरने घासा, आवळून बसवा आणि वरून ग्रीस लावा.