मांजर आमचं नव्हे हो!

रत्नागिरीत घर घेतलंत, बरं केलंत. खाडीवरून वारा येतो, परसात दोन माड आहेत, विहिरीला मे अखेरपर्यंत पाणी टिकतं. खरेदीखतही तुमच्या नावावर झालं म्हणता. पण पडवी, कौलं, माळा आणि स्कूटरची सीट यांच्यावर तुमच्या आधीपासून ज्यांची वहिवाट आहे, त्यांची नोंद कुठल्याच दप्तरात सापडायची नाही. तेव्हा मांजरांचं तेवढं आमच्याकडून शिकून घ्या. गेल्या 25 वर्षांत आमच्या आळीने मांजरं कमी करण्याचे झाडून सगळे उपाय केले आणि 5 मांजरांची 29 करून दाखवली. एवढा अनुभव तुम्हाला अख्ख्या तालुक्यात मिळणार नाही.

पहिला धडा एकाच वाक्याचा आहे. आरशासमोर उभं राहून घोका: ‘मांजर आमचं नव्हे हो!’ तुमच्या पडवीत मांजर पोट वर करून लोळत असेल, शेजारी तुम्हीच ठेवलेली चेपकी जर्मनची ताटली असेल, ताटलीत सकाळचा दूधभात असेल, तरीही गडग्यापलीकडून कोणी “तुमच्या मांजरीनं आमची सुकट...” असं सुरू केलं की त्याचं वाक्य पुरं होण्याआधी तुमचं बाहेर पडलं पाहिजे.

नमुन्यादाखल आमची त्रिरंगी भाटी, म्हणजे मांजरी, घ्या. (अंगावर काळा, पांढरा, तांबडा असे तिन्ही रंग असले की ती जवळजवळ नेहमीच मादी असते. त्यामुळे ‘बोका असेल हो’ ही सबब तिच्याबाबत कोणाला चालत नाही, तरी सगळे वापरतात.) आमच्या घरी ती मनी. समोरच्या काकूंकडे सुंदरी. मागल्या घरच्या अण्णांकडे ‘ती शिंची’. कोपऱ्यावरच्या वकिलांकडे तिला नावच नाही, कारण नाव ठेवलं की ताबा सिद्ध होतो म्हणे. सकाळी 6 वाजता काकूंकडे दूध. 9 वाजता आमच्याकडे शिळी भाकरी ताकात कुस्करून. दुपारी मासळीवाली येऊन गेली की अण्णांच्या मागल्या दारी बांगड्यांची डोकी. रात्री वकिलांच्या अंगणात ‘आम्ही फक्त उरलंसुरलं टाकलं, तिनं खाल्लं त्याला आम्ही काय करणार’. चार घरी जेवून ती अशी गोल झाली आहे की नवखा माणूस तिला बारमाही गाभण समजतो, आणि बहुतेक वेळा त्याचं बरोबरच असतं.

दूध मात्र आवर्जून घालत जा. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना ते पचत नाही. न पचल्याचा निकाल शेजाऱ्याने बांधकामासाठी आणून टाकलेल्या वाळूच्या ढिगात लागतो, तुमच्या अंगणात नाही. गवंडी चार शिव्या घालेल. वाक्य पाठ आहे ना?

मे महिन्यात आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरताना बांगडे, बोंबील, सुकट अंगणात वाळत घालायची आणि राखणीला घरातल्या सगळ्यात झोपाळू माणसाला आरामखुर्चीवर बसवायचं. आमच्याकडे हे काम माझ्याकडे असतं. शिंकाळी आम्ही जुनाट म्हणून कधीच मोडीत काढली. हल्ली ओट्यावर झाकण अर्धवट लावलेला डबा असतो, त्यामुळे शिंकं तुटायची वाट बघण्यात बोक्याचा वेळ जात नाही.

आता गणित. ते करायचंच नाही, हाच त्याचा नियम. 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी, म्हणजे 61 दिवस. मांजरीचे दिवस भरायला लागतात साधारण 63 ते 65. सरकारने काही तारखा ठरवताना मांजरींना विचारलं नव्हतं, पण बंदीच्या तोंडावर गाभण राहिलेली भाटी, मिरकरवाडा बंदरावर होड्या पुन्हा पाण्यात ढकलतात त्याच सुमारास विते, आणि नारळी पौर्णिमा उलटता उलटता तिच्या पोरांचे डोळे उघडतात. ताज्या तारल्यांच्या वासावर. त्यातही एकाच वेताच्या चार पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, म्हणून आळीतल्या एका बोक्याचा बंदोबस्त करून काही साधत नाही. पोरं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. आणि त्या पोरांतली भाटी पाचेक महिन्यांत स्वतः आई व्हायला तयार. हे सगळं एखादा पशुवैद्य सांगू लागला तर मान डोलवायची आणि म्हणायचं, “अजून लहान आहे हो ती.” पुढच्या वेळी तो सांगायला लागेल तेव्हा ती आजी झालेली असेल.

पिल्लं झाली की फोटो काढून सगळ्यांना पाठवायचे. ‘कित्ती गोड’ असे साठ निरोप येतात. न्यायला मात्र एकच माणूस येतो, आणि तो अंगणात उभ्याउभ्या प्रत्येक पिल्लाची शेपटी वर करून बघतो. “बोका असेल तरच नेतो.” तो बोका नेतो. भाट्या तुमच्याकडे राहतात. सहा महिन्यांनी तो भेटला की विचारतो, “एवढी कशी हो वाढली तुमच्याकडे?”

गणपतीला चाकरमानी आले की त्यांच्या पोरांना मांजरांच्या हवाली करा. दहा दिवस पिल्लं मांडीवर, उशीवर, पुढ्यात बिस्किटांचा अख्खा पुडा. अकराव्या दिवशी गाडी मुंबईला निघते, पोरं काचेतून हात हलवत रडतात आणि घराला वर्षभरासाठी कुलूप लागतं. त्या बंद घराचा माळा म्हणजे आळीचं प्रसूतिगृह. कौल सरकलेलं आहेच.

आता गोणीचा उपाय. हा आमच्या आळीचा मानाचा उपाय, म्हणून थोडा विस्ताराने सांगतो. काळोख पडल्यावर पिल्लं गोणीत घालायची. दिवसा घालू नये, बघणारे ‘अरेरे’ म्हणतात आणि मदतीला कोणी येत नाही. गोणी स्कूटरच्या पायाशी ठेवायची, खाडीवरचा भाट्याचा पूल ओलांडायचा, मासळीचा वास येईल अशी जागा शोधायची (आपल्यालाही मन आहे) आणि गोणीचं तोंड सोडून मागे न बघता परतायचं. एवढे हात ओरबाडून घेऊन आपण घरी येतो तो आपल्याच फाटकाशी कोणीतरी रिकामी गोणी झटकत असतं. हो, पुलापलीकडचेही आपल्यासारखेच कनवाळू आहेत. ते त्यांची पिल्लं अलीकडे आणून सोडतात. गेल्या दिवाळीत अशीच दोन काळी पिल्लं आमच्या आळीत आली आणि आम्ही सोडलेली दोन तांबडी तिकडे गेली. खाडीच्या दोन्ही तीरांवर मांजरांची संख्या तेवढीच राहिली, पेट्रोल तेवढं जळलं.

मोठं मांजर सोडलंत तर ते स्वतःच परत येतं. मी मनीला एकदा सोडून आलो होतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पायरीवर बसली होती, अंग चाटत. माझ्याकडे बघितलंही नाही. त्या रात्री ताटलीत मी आख्खी तारली घातली. कशाबद्दल, ते विचारू नका.

लाल-निळ्या पाण्याच्या बाटल्यांचा उपायही आहे. फाटकाशी ओळीने मांडा. मुळात त्या कुत्र्यांसाठी, पण मांजरांनाही चालतात असं ऐकून काकूंनी अकरा मांडल्या. भाटी दुपारभर त्यांच्या सावलीत झोपते. सुंदर दिसते, असं काकू म्हणतात.

विषाचा सल्ला मी देणार नाही. मारणं, विष घालणं, जायबंदी करणं यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली 5 वर्षांपर्यंतचा तुरुंग आहे. पण आमच्या आळीत कायद्याची भीती कोणाला नाही. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याबद्दलच्या 1960 च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर 10 ते 50 रुपये, हे वकिलांनी सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. 50 रुपयांत आज बांगड्यांचा धड एक वाटा येत नाही. भीती आहे ती वेगळीच. मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला दान करावं लागतं, असं आमच्या आज्या सांगून गेल्या. सोन्याचा आजचा भाव बघता आळीतली सगळी मांजरं सुखरूप आहेत.

एक गोष्ट तेवढी चेष्टा बाजूला ठेवून सांगतो. बोका चावला तर जखमेवर चुना आणि हळद फासून बसणारे आमच्यात आहेत, त्यांचं ऐकू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि सरळ सरकारी दवाखाना गाठा. रेबीज मांजरापासूनही होतो. इंजेक्शनं दंडात घेतात, पहिलं त्याच दिवशी, मग तिथून तीन, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी पुन्हा. बेंबीतल्या चौदा सुयांची गोष्ट जुनी झाली.

तर एवढे उपाय करून थकल्यावर शेवटी सभा भरवायची. आमची देवळाच्या सभामंडपात भरली. अण्णांनी उंदरांचा मुद्दा मांडला: मांजरं गेली तर उंदीर माडावर चढून कोवळे नारळ पोखरतील, पावसात लेप्टोचा ताप पसरवतील, उंदरांमागून फुरशी साप येतील. सगळं खरं. फक्त चार घरी जेवणारं मांजर उंदराकडे कशाला बघेल, हे कोणी विचारलं नाही. अण्णांच्या कोठीशेजारी उंदीर आणि मांजर समोरासमोर बसलेले मी स्वतः पाहिले आहेत, शेजारधर्माने.

मग नर्सिंग शिकणारी एक पोरगी उठली. म्हणाली, पिंजरा लावून एकेक मांजर धरू, नसबंदीची शस्त्रक्रिया करून आणू, खूण म्हणून कानाचं टोक किंचित कापलेलं असेल, आणि होतं तिथेच परत सोडू.

सभा उसळली. “परत सोडायचं? मग उपयोग काय?” ती म्हणाली, इथलं खाणं तसंच राहिलं आणि मांजर हलवलं, तर रिकाम्या जागेत दुसरं येतं. पुलावरून आलेली दोन काळी पिल्लं सगळ्यांनाच आठवली असणार, पण सभेत आठवणी काढायच्या नसतात. “मुक्या जिवाच्या पोटावर सुरी?” असा गहिवर आणणारे गृहस्थ आळीतले सगळ्यात जुने गोणीवाले. मग खर्चाचा विषय निघाला आणि चहा आला. वर्गणी काढायची ठरली. ती जमली, आणि तिच्यातून सत्यनारायण झाला. प्रसादाच्या शिऱ्याला तूप भरपूर होतं, मांजरांनी पत्रावळी चाटून पुसून ठेवल्या.

त्या पोरीने मात्र गुपचूप त्रिरंगीला उचललं. स्वतःच्या पैशांनी. चार दिवस घरात ठेवली आणि पाचव्या दिवशी सोडली. डाव्या कानाचं टोक नाही.

त्या दिवशी 25 वर्षांत पहिल्यांदा आमच्या आळीतल्या मांजराला मालक सापडला. एक नव्हे, चार. काकू धावत त्या पोरीच्या फाटकाशी. “आमच्या सुंदरीचा कान कोणी कापला गो?” मागून अण्णा. “तुला विचारायचं नाही, आमच्या शिंचीला हात लावायच्या आधी?” वकील कधी नव्हे ते अंगात शर्ट घालून आले आणि ‘ताबा’ हा शब्द स्वतःहून उच्चारला. मीही गेलो. आमची मनी होती शेवटी.

पोरगी शांतपणे आत गेली आणि दवाखान्याचं बिल घेऊन आली. “तुमचीच ना? मग हे चौघांत वाटून घ्या. आणि अजून 28 आहेत, त्यातली कुठली कुठली तुमची, तेही सांगून ठेवा.”

वाक्य पहिल्यांदा कोणाच्या तोंडून बाहेर पडलं, यावर आळीत अजून वाद आहे. काकू म्हणतात वकिलांच्या, वकील माझं नाव घेतात. मनी तेव्हा गडग्यावर बसून कान खाजवत होती. इतक्यात पाणंदीच्या टोकाकडून मासळीवालीची हाळी आली. मनीने आळस दिला, उडी मारली आणि आम्हा चौघांच्या मधून शेपटी ताठ करून अण्णांच्या मागल्या दाराकडे चालू लागली.