संपादकाने वाचायचं कधी?

गोविंद तळवलकरांनंतर मराठीत संपादकच झाला नाही, असं म्हणणारा एक तरी मामा प्रत्येक घरात असतो. मी काही तसं म्हणणार नाही. पण हल्ली चॅनेलवर एखादे संपादक महाशय ‘कालच माझं साहेबांशी बोलणं झालं’ असं ऐटीत सांगतात, तेव्हा प्रश्न पडतो: हे सगळ्यांशी बोलतात, मग वाचतात कधी?

तळवलकर वाचायचे. डोंबिवलीतला जन्म, ‘लोकसत्ते’त उमेदवारी, 1962 साली निघालेल्या ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये प्रवेश आणि 1968 ते 1996 संपादकपद. काँग्रेसची फूट, आणीबाणी, शरद पवारांचं पुलोद आघाडीचं सरकार, सोव्हिएत युनियनची पडझड, बाबरी, युतीचं सरकार, सगळं त्या खुर्चीतून पाहिलं. पण माझ्या मते त्यांचा दरारा खुर्चीचा नव्हताच. ब्रिटिश सरकारने भारतातल्या सत्तांतराची कागदपत्रं प्रसिद्ध केली, ते 12 जाडजूड खंड. व्हाइसरॉयच्या तारा, पत्रं, बैठकांची टिपणं. कोण बसतंय वाचत? हे बसले, आणि ‘सत्तांतर : 1947’चे तीन खंड मराठीत आले. अशी बैठक असलेला माणूस अग्रलेख लिहितो, तेव्हा मंत्र्यालाही उडवाउडवीची उत्तरं देताना जपावं लागतं.

आमचे बाबा बँकेत कारकून. तळवलकरांचे अग्रलेख कापून बँकेच्याच जुन्या डायऱ्यांत खळीने चिकटवायचे. समासात निळ्या शाईत कुठे ‘बरोबर’, कुठे ‘पटलं नाही’, एका ठिकाणी तर चक्क ‘हे अति झालं!’ म्हणजे भक्ती वगैरे काही नव्हती, रोजचं भांडण होतं. पण भांडायलाही समोर मुद्दा लागतो ना.

सगळंच गोड होतं असंही नाही. रॉयवादाच्या, म्हणजे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांच्या मुशीतला हा माणूस. लंडन-मॉस्कोवर लिहिताना लेखणी जशी खुलायची, तशी आपल्या गावगाड्यावर लिहिताना खुलली नाही, असं मला तरी वाटतं. पटत नसेल तर खाली भांडा, पण वाचून!

निवृत्तीनंतर अमेरिकेत गेले, तिथूनही लिहीतच राहिले. नामदार गोखल्यांचं इंग्रजी चरित्र लिहिलं. 2017 च्या मार्चमध्ये ह्यूस्टनला वारले, तेव्हा वय 91.

कुणाकडे 1977 च्या निवडणुकीनंतरच्या अग्रलेखांची कात्रणं असतील तर कृपया फोटो पाठवा. बाबांच्या डायऱ्यांत नेमकं तेच वर्ष वाळवीने खाल्लंय.