क्विंटलला तीस लाख

ज्या गृहस्थांना मी त्या दुपारपर्यंत कधी पाहिलेही नव्हते, त्यांनी माझ्या कुकीजमधून रीतसर अडत, म्हणजे बाजारातली दलाली, कापून घेतली आणि बेकरीत उभ्या असलेल्या एकाही सांगलीकराला त्यात काही वावगे वाटले नाही, ही गोष्ट मला अजून पचलेली नाही. कुकीज पचल्या की नाही हे सांगता येत नाही, कारण ते कळण्याइतक्या त्या माझ्या वाट्याला उरल्याच नाहीत.

पूर्वपीठिका थोडक्यात उरकतो. मे महिना, मिरजेत भाचीचा वाढदिवस, आणि हल्ली तिला जपानी हिरव्या चहाखेरीज जगातल्या दुसऱ्या कशाचेही कौतुक उरलेले नाही. म्हणून मी माचा, म्हणजे त्या चहाची दळलेली पूड, घालून कुकीज करायच्या आणि त्यांच्यावर अननस व हापूसचा आटवलेला गर आणि भाजलेले ओले खोबरे घालायचे असे ठरवले. पीठ मळून झाले, फ्रीजमध्ये घट्टही झाले, आणि ओव्हनचे बटण दाबण्याच्या नेमक्या क्षणी आमच्या विश्रामबागेतल्या गल्लीची वीज गेली. देखभालीच्या कामासाठी पुरवठा सायंकाळपर्यंत बंद राहील, असा निरोप मोबाइलवर आला तो वीज गेल्यानंतर. पावसाळ्याच्या तोंडावर दरवर्षी इतकी निगुतीने देखभाल होत असेल, तर वळवाची पहिली सर पडताच तारा तुटतात कशा, हे मी एकदा फोन करून विचारले होते. पलीकडच्या माणसाने माझे नाव, पत्ता, ग्राहक क्रमांक आणि वडिलांचे नाव विचारून घेतले आणि फोन ठेवून दिला.

तेव्हा बेकरीशिवाय गत्यंतर नव्हते. सुट्टीत मैदा, रवा, तूप, साखर घेऊन बेकरीत जायचे आणि डबा भरून नानकटाई भाजून आणायची ही रीत आमच्याकडे अजून शाबूत आहे. तिथूनच परस्पर मिरज गाठायची असल्यामुळे मी पिठाच्या चकत्या, गराची बरणी, खोबरे आणि वरून भुरभुरण्यासाठी माचाची डबी असे सगळे पिशवीत घातले. चकत्या काउंटरवरच्या ट्रेमध्ये मांडल्या आणि रांगेत उभा राहिलो.

भट्टीच्या दाराशी एक लोखंडी खुर्ची होती आणि खुर्चीत अण्णा होते. त्यांचे खरे नाव काय ते मला ठाऊक नाही. सगळी बेकरी त्यांना अण्णाच म्हणत होती. त्यांची हयात मार्केट यार्डात हळदीच्या आणि बेदाण्याच्या अडतीवर गेली होती, आता दुकान मुलाने घेतले होते, आणि पन्नास वर्षे दुसऱ्याच्या मालाला भाव ठरवून दिलेल्या माणसाला घरी बसवले की तो काय करतो याचे उत्तर त्या खुर्चीत बसलेले होते. स्वतःची नानकटाई भट्टीत गेल्यामुळे त्यांना पूर्ण मोकळीक होती. त्यांनी माझ्या ट्रेकडे पाहिले, चष्मा कपाळावर चढवला आणि पुन्हा पाहिले.

"पावणं, मेंदी भाजून घ्यायला आणलीय व्हय?"

मी सांगितले की मेंदी नाही, बिस्किटे आहेत आणि त्यांत हिरवा चहा आहे.

"चहा भाजून खायचा? का, घरात दूध संपलंय?"

मी हसलो. हसल्याने असे संवाद संपतात असा माझा समज होता.

"वहिनी माहेरी गेल्यात जणू."

"घरीच आहेत."

"मग?"

या 'मग'ला उत्तर नसते. पुरुषाने हौसेने कुकीज कराव्यात आणि बायकोने त्या वेळी कॉटवर पडून पेपर वाचावा, या व्यवस्थेला आमच्या घरी कोणाचीही हरकत नाही. परंतु ती व्यवस्था एका अनोळखी माणसाला, रांगेतल्या सगळ्या बायकांच्या देखत, उभ्या उभ्या समजावून सांगायची म्हणजे आपणच काहीतरी लपवीत आहोत असे वाटू लागते. मी गप्प राहिलो. त्या मौनाचा अर्थ रांगेने आपापल्या परीने लावून घेतला.

मग त्यांनी हात पुढे केला. "डबी बघू."

डबी कशी आणि का दिली गेली हे मला सांगता येणार नाही. यार्डात ज्याने आयुष्यभर हात पुढे करून नमुना मागितला आहे, त्याच्या हातात समोरच्याकडून वस्तू आपोआप जाते. त्यांनी झाकण काढून वास घेतला. चिमूट भरून अंगठ्या-तर्जनीत चोळली आणि दळण किती बारीक आहे ते पाहिले. मग उठून ती दारातल्या उन्हात धरली. वास्तविक ऊन आणि हवा हे या पुडीचे शत्रू, म्हणून ती बंद डबीत आणि थंडाव्यात ठेवायची असते. शेवटी जिभेच्या टोकाला लावली, तोंड वाकडे केले आणि बोटांवर राहिलेला माल फरशीवर झटकून टाकला.

इथे थोडे विषयांतर करणे भाग आहे. सांगली-तासगावच्या बेदाण्याच्या सौद्यांत नमुना म्हणून मूठभर बेदाणा उचलायचा, चार दाणे तोंडात टाकायचे आणि उरलेले खाली उधळायचे, ही सवय वर्षानुवर्षे चालत आली आणि शेतकऱ्यांनी तिच्याविरुद्ध पुष्कळ ओरड केली. ती बातमी वाचताना मी पूर्वी पान उलटत असे. आता उलटणार नाही. आपला माल दुसऱ्याच्या बोटांवरून फरशीवर पडताना पाहणे म्हणजे काय, ते मला कळले आहे, आणि माझा माल तर बेदाण्याच्या कितीतरी पट महाग होता.

तो किती महाग, हेच अण्णांनी पुढे विचारले.

"काय भावानं पडली?"

"नऊशे रुपये."

"किलो?"

"तीस ग्रॅम."

अण्णांनी डोळे मिटले. ओठ किंचित हलले. कागद नाही, मोबाइल नाही. फक्त उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरला. मग त्यांनी डोळे उघडले आणि सौद्यात शेवटची बोली पुकारावी त्या आवाजात जाहीर केले, "किलोला तीस हजार. क्विंटलला तीस लाख!"

बेकरी स्तब्ध झाली. पाव मोजणाऱ्या पोराचा आकडा चुकला. माझ्या पुढे उभ्या असलेल्या बाईंनी आपला डबा उचलून पलीकडच्या बाजूला ठेवला, तो माझ्यापासून की अण्णांपासून हे कळले नाही. "आमच्या राजापुरी हळदीला असला भाव सपनात जरी पडला," अण्णा म्हणाले, "तरी शेतकरी दचकून जागा हुईल."

मला आता तो भाव रास्त ठरवणे भाग होते, कारण तीस लाखांचा माणूस म्हणून रांगेत उभे राहणे अवघड जात होते. मी सांगितले की या चहाची झाडे तोडणीआधी सुमारे तीन आठवडे झाकून ठेवतात.

"झाकून? मग पाला पिवळा पडला पाहिजे."

आक्षेप चांगला होता, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. मी म्हणालो की पूर्ण अंधार करत नाहीत, दाट सावली करतात; कमी उजेडात भागवण्यासाठी पान हरितद्रव्य वाढवते आणि म्हणून ते अधिक गर्द होते. मग पाने वाफवतात, वाळवतात, देठ आणि शिरा काढून टाकतात आणि राहिलेला भाग दगडी जात्यावर दळतात. जाते सावकाश फिरवावे लागते, नाहीतर पूड तापून वास जातो. तासाभरात जेमतेम तीस ते चाळीस ग्रॅम पूड पडते.

"तासाला चाळीस ग्रॅम?" अण्णांनी रांगेकडे वळून साक्ष काढली. "आमच्याकडं एवढ्या वेळात पोती दळून हुत्यात. गडी झोपलेला असणार."

यावर मी इतिहासाचा आधार घेतला. एइसाई नावाचे बौद्ध भिक्षू ११९१ साली चीनहून जपानला परतले तेव्हा त्यांनी चहाचे बी बरोबर नेले आणि पुडीचा चहा घुसळून पिण्याची पद्धत तिकडे रुजवली, असे मी सांगितले. आठशे वर्षांची परंपरा ऐकून तरी मनुष्य नमेल, अशी माझी अपेक्षा होती.

"म्हंजे मूळ माल चीनचा," अण्णा म्हणाले. "जपानचा म्हणून तुमच्या गळ्यात घातला."

रांगेत एकजण मोठ्याने हसला. त्या माणसाला मी ओळखतो. तो आमच्याच गल्लीत राहतो, आणि त्याच्याकडून मला ही अपेक्षा नव्हती.

डबी एकदा उघडली की महिना-दोन महिन्यांत संपवावी लागते, हे मी सांगितले नसते तर बरे झाले असते, कारण तेवढ्यावरून अण्णा सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांवर, म्हणजे हळद साठवायच्या खड्ड्यांवर, गेले. जमिनीखालची ती पेवे, त्यांच्यात वर्षानुवर्षे राहणारी हळद, पेव उघडल्यावर आत लगेच उतरायचे नाही हा नियम, आणि २००५ च्या महापुरात पेवांत शिरलेले पाणी. खरे सांगायचे तर हा भाग ऐकण्यासारखा होता. पुराचे सांगताना त्यांचा आवाज थोडा उतरला आणि मलाही प्रश्न विचारावेसे वाटले. पण त्याच वेळी चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात, भट्टीपासून दोन हातांवर, माझ्या चकत्यांमधले लोणी वितळत होते. ज्या चकत्या मी फ्रीजमधून टणक आणि गोल आणल्या होत्या, त्या शेजारणींना चिकटू लागल्या होत्या. मी तसे बोलून दाखवले तर अण्णा म्हणाले, "व्हय व्हय, पण आधी हे ऐका," आणि पुराकडे परत गेले.

अखेर माझा नंबर आला. मी भट्टीवाल्याला विनंती केली की उष्णता १६० अंशांच्या वर नको आणि दहा-बारा मिनिटांत ट्रे बाहेर काढावा. तो म्हणाला, "साहेब, भट्टीला काटा नाही, आमचा हात हाच काटा." यात खोटे काही नव्हते. लाकडाच्या भट्टीत आधी पाव भाजतात, मग उतरत्या आचेवर नानकटाई आणि त्याहून उतरलेल्या आचेवर टोस्ट. तापमान अंशांत नव्हे, क्रमात मोजले जाते. मला टोस्टाच्या आधीची जागा हवी होती. ती अण्णांच्या दुसऱ्या ट्रेला गेली, कारण अण्णा 'रोजचे' होते. मला पावाच्या पाठोपाठची, म्हणजे रसरशीत, जागा मिळाली. कोणत्याही रांगेत 'रोजचे' नावाची एक वेगळी, अदृश्य रांग असते आणि करभरणा, सौजन्य, वेळेवर येणे यांपैकी कशानेही तिच्यात प्रवेश मिळत नाही, हे मला बँकेपासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे दिसले आहे आणि त्यावर मला हसू येत नाही.

त्याहून वाईट गोष्ट माझी पाठ वळल्यावर घडली. पिशवीतून चाळणी काढायला मी वाकलो तेवढ्यात अण्णांना बरणी दिसली. "हे वर लावायचंय न्हवं? मग आत्ताच लावा की, दोनदा कशाला?" पोराने बरणी उघडली आणि प्रत्येक चकतीवर चमचा-चमचा गर थापला. मी ओरडलो तेव्हा ट्रे भट्टीत सरकत होता.

तो गर कुकीज भाजून गार झाल्यावर घालायचा होता, आणि ते सोवळ्यासाठी नव्हते. हरितद्रव्याच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो. उष्णता आणि आम्ल एकत्र आले की तो निसटतो, त्याच्या जागी हायड्रोजन येतो आणि हिरवेपणा जाऊन शेवाळी तपकिरी रंग उरतो; झाकण ठेवून शिजवलेली मेथीची भाजी काळवंडते तीही याचमुळे. अननस आंबट, भट्टी कडक. दोन्ही गोष्टी मी अनुक्रमे बरणीत आणि विनंतीत वेगळ्या ठेवल्या होत्या.

ट्रे बाहेर आला तेव्हा कडेने मंद हिरवा, गराभोवती तपकिरी आणि आंब्याच्या करपलेल्या साखरेपाशी काळा, अशी एकमेकींत मिसळलेली चादर दिसत होती. अण्णांनी एक तुकडा मोडला, हळकुंड मोडून आतला रंग पाहतात तसा उजेडात धरला आणि निकाल दिला, "रंग टिकला न्हाई. माल हलका. तुम्हांला फसवलंय."

मला त्या क्षणी जे बोलायचे होते ते वाढदिवसाला निघालेल्या माणसाने बोलू नये असे होते.

भट्टीवाल्याने 'पेशल आयटम' म्हणून नानकटाईच्या दुप्पट भाजणावळ मागितली, आणि वजनात माझाच गर धरला. मी वाद घातला. तेव्हा अण्णा खुर्चीतून उठून मध्ये आले, एक हात त्याच्या खांद्यावर, एक माझ्या खांद्यावर ठेवला आणि क्षणात तोड काढली: गराचे वजन वजा, दर नानकटाईचाच. मी पैसे दिले आणि मनातल्या मनात त्यांना बरेचसे माफही केले. तेवढ्यात त्यांनी माझ्या डब्यातून शांतपणे दोन कुकीज उचलल्या.

"अडत," ते म्हणाले.

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी आणखी एक उचलून वजन करणाऱ्या पोराच्या हातात ठेवली, "तोलाई," आणि ट्रे उचलणाऱ्याला एक दिली, "हमाली." माझ्या गल्लीतल्या त्या माणसाने तोपर्यंत हात पुढे केलेलाच होता, त्याला कोणत्या सदराखाली मिळाली ते मला ऐकू आले नाही. अण्णांनी आपला वाटा तिथेच खाल्ला, दोन्ही खाल्ल्या, आणि काहीही न बोलता माझ्या डब्यात पुन्हा डोकावले, तेव्हा मी झाकण लावून मिरजेच्या बसकडे निघालो. या सगळ्याची लेखी हिशेबपट्टी मागितली असती तर अण्णांनी तीही करून दिली असती, आणि कागदाचा खर्च म्हणून आणखी एक कुकी कापली असती.