पोर्सेलिन टाइल्स भिजवायच्या का? एक खुलासा

"पोर्सेलिन टाइल्स रात्रभर पाण्यात भिजवा, नाहीतर सोलापूरच्या उन्हाळ्यात फरशी उचलली जाणारच," असा मेसेज जुळे सोलापूरच्या सोसायट्यांत फिरतोय. भिजवण्याचा सल्ला चुकीचा आहे. भिंतीच्या सिरॅमिक टाइल्स वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी पितात, म्हणून सिमेंटवर लावताना त्या भिजवतात. पोर्सेलिन ०.५ टक्क्यापेक्षा जास्त पीत नाही. हौदात दोन दिवस ठेवली तरी आत कोरडीच. उलट पाठीवर पाणी राहिलं तर पकड कमी होते. पाठीची पांढरी पूड ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या, बास.

फरशी फुगून उचलली जाते हे खरं, पण कारणं बहुधा वेगळीच असतात. सांधा दिसू नये म्हणून टाइलला टाइल भिडवणं, म्हणजे उन्हात पसरायला जागाच न ठेवणं (हा हट्ट मिस्त्रीचा कमी, घरमालकाचाच जास्त) आणि खाली सिमेंटचे चार गोळे ठेवून मध्ये पोकळी सोडणं. टाइल्समध्ये २-३ मिमीचे स्पेसर (सांध्याची फट राखणारे छोटे तुकडे) लावा, भिंतीकडेला स्कर्टिंगखाली थोडी जागा मोकळी सोडा. आयएस १५४७७ (टाइल अ‍ॅडेसिव्हचं भारतीय मानक) छापलेलं अ‍ॅडेसिव्ह, म्हणजे टाइल चिकटवायचा तयार मसाला, दातेरी थापीने सगळीकडे पसरा. शहाबादी फरशीसारखं सिमेंटवर बसवायची सवय इथे उपयोगाची नाही. वाळल्यावर नाण्याने ठोकून पाहा. पोकळ वाजली ती टाइल तेव्हाच काढायला लावा.