केरोची भिंत आणि सांगलीचं पाणी

"अमेरिकेत बघा, भिंत बांधतात आणि विषय संपतो." सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी तीस फूट ओलांडून पुढं सरकू लागलं की आमच्या शाळेच्या ग्रुपवर हे वाक्य हमखास येतं. यंदा त्याच्या जोडीला व्हिडिओही होता. हायवेवर वरून हळूहळू खाली उतरणारं प्रचंड पोलादी दार, दोन्ही बाजूंना उंच मातीचा बांध, आणि खाली मराठीत लिहिलेलं, "याला म्हणतात नियोजन." ते दार माझ्या ओळखीचं आहे. इलिनॉयच्या दक्षिण टोकाला केरो नावाचं गाव आहे, त्याचं ते दार. मी तिथून पाऊण तासावर, ओहायो नदीच्या काठी, केंटकीतल्या पडुकाला राहते. फिजिओथेरपिस्ट आहे, आणि केरोहून तो अरुंद पूल ओलांडून येणारे पेशंट माझ्याकडे नेहमीचे आहेत. व्हिडिओ पाठवणाऱ्याने दाराच्या आतलं गाव पाहिलेलं नाही, म्हणून राग येतो, आणि त्या रागातच हे लिहिते आहे.

मिसिसिपी आणि ओहायो जिथे मिळतात, तिथल्या चिंचोळ्या टोकावर केरो वसलंय. एका बाजूला मिसुरी राज्य, दुसऱ्या बाजूला केंटकी. ओहायोचं पाणी हिरवट, मिसिसिपीचं गढूळ तांबूस, आणि संगमानंतर बरंच अंतर दोन्ही रंग शेजारी शेजारी वाहतात. सरासरी पाहिली तर या ठिकाणी ओहायोच जास्त पाणी आणते, तरी पुढच्या सगळ्या प्रवासाला नाव मिसिसिपीचं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा वारणेची आठवण आली. हरिपूरला संगमेश्वराच्या देवळामागे कृष्णा-वारणा मिळतात, आणि तिथून खाली वारणेचं नावही कोणी घेत नाही. आई इथे आली होती तेव्हा तिला केरोच्या टोकाला नेलं होतं. तिने पिशवीतून हळदकुंकू काढलं आणि घाटाची पायरी शोधू लागली. पायरी नव्हतीच, नुसती चिखलाची उतरण आणि पुरात वाहून आलेले ओंडके. एवढा मोठा संगम आणि उतरायला एक पायरी नाही, याचं तिला फार वाईट वाटलं. मलाही वाटलं. आपल्या लोकांनी नदीकडे तोंड करून गावं बांधली, इथे पाठ करून बांधली, असं मी तेव्हा म्हणाले होते, आणि अजूनही म्हणेन.

पण पाठ करण्याला कारण होतं. या जागेवर शहर उभं करायचं स्वप्न 1837 पासून कंपन्यांनी पाहिलं. लंडनमध्ये रोखे विकून पैसा उभा केला, तो बुडाला, आणि पुन्हा डाव मांडला गेला. 1850 च्या दशकात इलिनॉय सेंट्रल रेल्वे इथवर आली आणि गावाला खरा जीव आला. 1861 मध्ये यादवी युद्ध पेटल्यावर उत्तरेच्या सैन्यातल्या जनरल ग्रँटने आपलं ठाणं इथेच मांडलं, कारण दोन्ही नद्यांवर नजर ठेवायला याहून मोक्याची जागा नाही. गुलामीतून सुटलेले हजारो काळे लोक त्याच काळात नदीमार्गाने इथे पोचले, आणि त्यांतले बरेच इथेच राहिले. बोटी, रेल्वे, लाकूड, कापूस. 1920 च्या जनगणनेत केरोची लोकसंख्या 15,203 होती. 2020 मध्ये ती 1,733 उरली.

ग्रुपवर मी हे दोन आकडे टाकले. लगेच उत्तर आलं, "पुरामुळे का?"

नाही. पुरामुळे नाही. हेच तर मी सांगते आहे. 1937 च्या जानेवारीत ओहायोला जो महापूर आला त्यात आमचं पडुका जवळपास सगळं पाण्याखाली गेलं, लोकांना बाहेर काढावं लागलं. केरो वाचलं. 2011 मध्ये केरोच्या मापपट्टीवर पाणी 61.72 फुटांवर गेलं, आजवरचं सर्वांत जास्त, तेव्हाही केरो वाचलं. ओहायोच्या बाजूची काँक्रीटची भिंत त्याच मापपट्टीवर 64 फुटांपर्यंतची आहे आणि ती टिकली. भिंत बांधली की विषय संपतो असं असतं, तर केरो आज या भागातलं सर्वांत मोठं शहर असायला हवं होतं.

आता केरो वाचलं कसं, तेही ऐका. भिंतीच्या पलीकडे, मिसुरीच्या बाजूला, बर्ड्स पॉइंटपासून न्यू माद्रिदपर्यंत 1 लाख 30 हजार एकरांचं रान आहे. काळी, भरघोस पिकणारी जमीन. 1927 च्या महापुरानंतर सरकारने ठरवलं की पाणी फारच चढलं तर तिथला बांध फोडून ते या रानात सोडायचं. तिथे पाणी सोडण्याचा हक्क सरकारने जमीनमालकांकडून पैसे मोजून घेतलेला आहे, सात-बाराच्या उताऱ्यावर बोजा असावा तसा तो त्या जमिनीवर आहे. 1937 मध्ये तो वापरला. त्यानंतर 2011 पर्यंत वेळ आली नाही. त्या वर्षीच्या एप्रिलअखेर केरोत भिंतीखालून पाणी झिरपून वाळूसकट जमिनीतून उकळ्या मारत वर येऊ लागलं, सँड बॉइल म्हणतात त्याला, आणि ते मोठे झाले की बांध आतून पोखरला जातो. गाव रिकामं करायचा हुकूम निघाला. मिसुरी राज्य कोर्टात गेलं, थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि हरलं. 2 मेच्या रात्री लष्कराच्या इंजिनिअरांनी बांधात द्रवरूप स्फोटक भरून तो उडवला.

त्याच आठवड्यांत मिसुरीच्या विधानसभेच्या सभापतींना पत्रकारांनी विचारलं होतं, शेती बुडालेली चालेल की केरो? त्यांनी केरो असं उत्तर दिलं, आणि तुम्ही ते गाव पाहिलंय ना, अशा अर्थाचं पुढे बोलले. मग माफीही मागितली. पण बोलायचं ते बोलून झालं होतं. माझ्या पेशंटांपैकी एक आजी ते वाक्य अजून विसरलेल्या नाहीत. गुडघ्याचा व्यायाम करता करता शांतपणे सांगतात.

आणि ज्यांचं रान बुडालं ते सगळेच काही बडे जमीनदार नव्हते. त्या रानात पिनहुक नावाची काळ्या कुटुंबांची छोटी वस्ती होती. 1940 च्या दशकात वाट्याने शेती करणाऱ्या लोकांनी ती वसवली, कारण दुसरीकडे त्यांना कोणी जमीन विकत नव्हतं. खालची, पाण्याची जमीन तेवढी त्यांच्या वाट्याला आली. बांध फोडला आणि पिनहुक गेलं. तिथल्या लोकांना एकत्र पुन्हा वसायला कित्येक वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागले. केरो वाचवायला पिनहुक बुडवलं, दोन्हीकडे गरीबच. हे "नियोजन" त्या व्हिडिओत दिसत नाही.

आपल्याकडे हे नवीन आहे असं समजू नका. सांगली-मिरजेचा ऊस, सांगलीचं पिण्याचं पाणी, पावसाळ्यात आपल्याला मिळणारी मुदत, हे सगळं कोयनेच्या आणि चांदोलीच्या भिंतींमुळे आहे. त्या भिंतींमागे गावं बुडाली आहेत, आणि कोयनेचे धरणग्रस्त साठ वर्षांनंतरही पुनर्वसनासाठी धरणं धरतात. आमच्या ग्रुपवर त्यांचं नाव मी कधी वाचलेलं नाही. तिथे फक्त कृष्णेवरचं कर्नाटकातलं अलमट्टी धरण असतं. अलमट्टीची उंची 519.6 मीटरवरून 524.256 मीटरवर नेण्याला माझा विरोध आहे, हे स्पष्ट सांगते, नाहीतर लगेच मला कर्नाटकवाली ठरवतील. पण 2019 च्या पुरानंतर वडनेरे समितीने अलमट्टीला दोषी धरलं नाही, हेही आपल्याच सरकारने नेमलेल्या समितीचं म्हणणं आहे. बागलकोटच्या जुन्या गावाने त्या धरणासाठी काय सोसलं, याची आपल्याला गंधवार्ता नसते. इथे मिसुरीचे शेतकरी केरोला नावं ठेवतात, केरोचे लोक मिसुरीला. मात्र पाणी सोडायचं तर कोणाच्या जमिनीवर आणि किती पैसे देऊन, हे कागदावर आधी लिहिलेलं आहे. त्या कागदातून पिनहुक निसटलं हा अन्याय आहेच. पण आपल्याकडे तो कागदच नाही, आणि इथे राहून हे फरक रोज बघताना मला गप्प बसवत नाही.

मग केरो रिकामं कशाने झालं? थोडं रेल्वेने. 1889 मध्ये ओहायोवर रेल्वेपूल झाला, गाड्या फेरीवर चढवून पार करण्याचं काम गेलं. पुढे मोटारींचे पूल झाले, मग इंटरस्टेट महामार्ग गावाला वळसा घालून गेला. पण नदीकाठची अनेक गावं हे सोसून उभी आहेत, आमचं पडुका उभं आहे. केरोला आणखी एक दुखणं होतं. 1909 मध्ये विल जेम्स नावाच्या काळ्या माणसाला भर बाजारात, हजारोंच्या जमावाने, कमानीला लटकावून मारलं. 1960 च्या दशकात काळ्या मुलांना पोहायला घ्यावं लागेल म्हणून पोहण्याचा तलाव बंद केला, आणि पुढे तो काँक्रीटने बुजवून टाकला. 1967 मध्ये रजेवर आलेला रॉबर्ट हंट नावाचा एकोणीस वर्षांचा सैनिक पोलीस कोठडीत फासाला लटकलेला सापडला, गाव पेटलं, नॅशनल गार्ड आलं. गोऱ्या लोकांनी हातात बंदुका घेऊन गस्ती घातल्या. काळ्या लोकांनी मागणी केली की दुकानांत आम्हालाही नोकऱ्या द्या, आणि वर्षानुवर्षं बहिष्कार चालवला. दुकानदारांनी एकेक करून शटर ओढली, पण काळ्या माणसाला गल्ल्यावर बसवलं नाही. कमर्शियल अव्हेन्यूवर आज चालत गेलं तर पडक्या विटांच्या भिंती आणि गवत वाढलेले मोकळे प्लॉट आहेत. 2017 मध्ये सरकारी घरांच्या दोन जुन्या वसाहती पाडायचं जाहीर झालं आणि दोनशेच्या आसपास कुटुंबांना गाव सोडायला सांगितलं. शेवटचं किराणा दुकान त्याआधीच बंद पडलं होतं. भाजीसाठी लोक पूल ओलांडून केंटकीत किंवा मिसुरीत जायचे. 2023 मध्ये गावकऱ्यांनी स्वतःच्या मालकीचं दुकान काढलं, ते चालवायला त्यांची ओढाताण झाली. तरी काढलं, याचं मला फार कौतुक आहे.

हे सगळं 64 फुटांच्या भिंतीच्या आत घडलं. कोरड्या जमिनीवर.

म्हणून ग्रुपवर दुसरं वाक्य येतं तेव्हा माझं डोकं आणखी तापतं. "ते सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर हलवा, पूर आपोआप कमी होईल." दरवर्षी सगळ्यात आधी पाण्यात जातात ते हेच लोक, आणि पुराला कारणही म्हणे हेच. शामरावनगरमध्ये नाले बुजवून, काळ्या मातीवर भराव टाकून जे प्लॉट पडले, त्यांची गुंठेवारी नियमित झाली, तिथे आमच्यापैकी कित्येकांनी घरं बांधली. त्याला अतिक्रमण कोणी म्हणत नाही. मी नावं घेत नाही. ग्रुपवर सगळे एकमेकांना ओळखतात.

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं तेव्हा मी इथे होते. आई गावभागात वरच्या मजल्यावर, वीज नाही, फोनची बॅटरी जपून वापरायची. मी रात्रभर फोनवर फुटांचे आकडे बघत बसले. पुरातून लोकांना बाहेर काढणारी ब्रह्मनाळची बोट उलटल्याची बातमी आली आणि माझे हातपाय गार पडले, कारण कोणाची तरी आई अशाच बोटीत बसली होती. माझ्या आईला खिडकीतून दूध, पाणी, औषधं देणारी मुलं दत्तनगरची होती. त्यांची स्वतःची घरं चार दिवस आधीच बुडालेली. आई त्यांतल्या एकाच्या बहिणीच्या लग्नाला जाऊन आली. ग्रुपवर ज्यांना हलवा म्हणतात, ती ही माणसं.

"तू परत येणार आहेस का? नाही ना? मग बोलू नकोस," असं मला एकाने लिहिलं. शाळेत एका बाकावर बसलेला मित्र आहे, त्याच्या बोलण्याने लागलं. नाही, मी परत येणार नाही बहुतेक. माझी मुलं पडुकाची आहेत, त्यांना नदी म्हणजे ओहायो. मी अजून नदी म्हणताना कृष्णाच म्हणते, आणि घरात कोणी समजून घेत नाही. इथे मी पाहुणी नाही आणि घरचीही नाही. इथल्या नदीला पाणी वाढलं की माझी काळजी अशी असते, जशी शेजाऱ्याच्या आजारपणाची असते. तिकडच्या पाण्याला मात्र पोटात खड्डा पडतो. फोनमध्ये दोन्ही मापपट्ट्या आहेत, केरोची आणि आयर्विन पुलाची, आणि योगायोगाने दोन्हीकडे हिशोब फुटांतच. केरोच्या त्या आजींना मी एकदा सांगितलं की माझं गावही असंच संगमाजवळचं आहे. त्यांनी लगेच विचारलं, "तुमच्याकडे कोणाला आधी बुडवतात?" अमेरिकेतल्या इतक्या वर्षांत माझ्या गावाबद्दल इतका नेमका प्रश्न मला दुसऱ्या कोणी विचारला नव्हता, आणि त्या क्षणी मला इथे पहिल्यांदा घरी असल्यासारखं वाटलं.

तर तोच प्रश्न मी पुढे पाठवते आहे. सांगलीच्या बाजूला भिंत उभी राहिली तर अडलेलं पाणी हवेत जाणार नाही. समोर सांगलवाडी आहे. वर कसबे डिग्रज, भिलवडी, ब्रह्मनाळ आहे. खाली हरिपूर आहे, जिथली जमिनीत हळद साठवायची पेवं 2005 च्या पुरानंतर बहुतेक गेलीच. या गावांत भिंतीमुळे पाणी किती इंच चढेल, कोणाचं शिवार त्याखाली जाईल आणि दर एकरी काय मिळेल, हे लिहिलेला एक तरी कागद कोणाकडे असेल तर तो ग्रुपवर टाका, व्हिडिओ नको. आणि नसेल, तर ब्रह्मनाळला जाऊन विचारलंय का कोणी?